थंडीतली बाग, तिरपं ऊन आणि सोसायटीचा तो पांढरा दिवा

डिसेंबर लागला की पुण्यातल्या नर्सऱ्यांबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. पिटुनिया, डायन्थस, सॅल्व्हिया, पॅन्सी, सगळं काळ्या पिशव्यांमध्ये फुललेलं तयार, लोक खोकी भरभरून नेतात आणि शिमग्यापर्यंत त्यातलं बरंचसं कुंडीतच वाळून गेलेलं असतं. मी पण नेते, नाही असं नाही, पॅन्सी दिसली की माझा हात आवरत नाही. पण इतकी वर्षं टेरेसवर मातीत हात घालून आता माझं ठाम मत झालंय की थंडीतला बराचसा रंग आपल्या घरातल्या कुंड्यांमध्येच असतो, त्याला फक्त दोन गोष्टी लागतात, तिरपं ऊन आणि भरपूर अंधार. उन्हाबद्दल सगळे सांगतात. अंधाराबद्दल कोणी बोलतच नाही, म्हणून आज जरा जास्त अंधारावरच लिहिणारे.

आमचं टेरेस म्हणजे फ्लॅटला जोडलेलं, तिसऱ्या मजल्यावर, तोंड दक्षिणेला. त्याच्या एका कोपऱ्यात सासूबाईंनी कधीतरी लावलेला पॉइन्सेटिया, तो नाताळात लाल होतो ना, तो आहे, चांगला कमरेएवढा झालाय. तर झालं काय, सोसायटीने सिक्युरिटीसाठी म्हणून पार्किंगमधले जुने पिवळे दिवे काढले आणि उंच खांबांवर पांढरे एलईडी लावले, त्यातला एक बरोब्बर आमच्या कठड्यासमोर आला, इतका लख्ख की रात्री टेरेसवर पेपर वाचावा. आणि त्या वर्षी डिसेंबरमध्ये पॉइन्सेटिया अर्धाच लाल झाला. भिंतीकडच्या फांद्या लालभडक आणि दिव्याकडच्या हिरव्यागार. जो येईल तो सांगायचा खत कमी पडलं असेल, कुणी म्हणे माती बदला, कुणी म्हणे दृष्ट लागली. सासूबाईंनी तर शेजारच्या काकूंकडे बघत बघत मीठ-मोहऱ्या ओवाळायचीही तयारी केली होती.

भानगड अशी आहे की पॉइन्सेटियाची ती लाल दिसतात ती फुलं नाहीतच, ती पानं आहेत. खरी फुलं मधोमध असतात, पिवळट बारीक मण्यांसारखी, कोणाचं लक्षही जात नाही त्यांच्याकडे. आणि ही पानं लाल व्हायला झाडाला लांब रात्र लागते. मूळचं हे मेक्सिकोचं झाड, तिथल्या अमेरिकन राजदूताने, पॉइन्सेट नावाच्या माणसाने, १८२०च्या दशकात अमेरिकेत पाठवलं म्हणून हे नाव. तर रात्र साधारण बारा तासांच्या वर गेली की हे झाड फुलायची तयारी सुरू करतं, आपल्याकडे म्हणजे दसऱ्याच्या मागेपुढे, आणि मग सलग दोन महिने रोज रात्री नीट अंधार मिळाला तर नाताळापर्यंत लाल. पण मध्येच उजेड पडला की झाडाच्या हिशोबाने ती रात्र मोडली. आमच्या झाडाच्या अर्ध्या अंगाला रोज रात्र होत होती आणि अर्ध्या अंगाला होतच नव्हती, एवढीच दृष्ट.

हे सगळं शोधलं गेलं ते तंबाखूवरून. अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड नावाच्या दोघांना तंबाखूची एक जात सापडली जी उन्हाळाभर नुसती उंच वाढत सुटायची पण फुलायची नाही, मग त्यांनी ती भर उन्हाळ्यात रोज लवकर अंधारात ठेवून बघितली आणि ती फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं. तेव्हा सगळ्यांना वाटलं की झाडं दिवसाची लांबी मोजतात. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या दोघांनी, ते माळावर कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांचं तण असतं ना, त्यावर प्रयोग करून दाखवलं की झाड मोजतं ती रात्र. भर रात्री थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचं गणित चुकतं. मला तर हे वाचल्यापासून रात्री टेरेसवरचा दिवा लावताना उगाच चोरट्यासारखं वाटतं.

सोसायटीला दिवा हलवा म्हणून सांगून बघितलं, मीटिंगमध्ये विषय निघाला आणि हसण्यावारी गेला, एका झाडासाठी कोण खांब हलवणार. मग आम्ही उपाय केला तो असा की घरात पडलेलं एक मोठं खोकं संध्याकाळी झाडावर उपडं घालायचं आणि सकाळी काढायचं. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, म्हणजे चौदा तास पक्का अंधार. ही ड्यूटी सासूबाईंनी आपणहून घेतली. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावायचा आणि परत येताना खोकं घालायचं, आणि आत येऊन जाहीर करायचं, "झोपवून आले गं तुझ्या त्या लालपानीला." मी म्हटलं, "आई, झाड तुमचं आहे, माझं नाही." तर म्हणे, "लाल होईल तेव्हा माझं, हिरवं राहिलं तर तुझं." झालं लाल. सगळीकडून. तुमच्याकडे लहान कुंडी असेल तर याहून सोपं, अंधाऱ्या खोलीत उचलून नेता येते, फक्त रात्री पाणी प्यायला उठून तिथला दिवा लावायचा नाही. आणि हो, फांदी मोडली तर पांढरा चीक येतो, हाताला लागला तर काहींना खाज सुटते, तेव्हा छाटताना हातमोजे घाला.

शेवंतीचं तंत्रही हेच. शेवंती पण लांब रात्रीचीच. म्हणून तर शेवंतीच्या पॉलीहाऊसमध्ये रात्री बल्ब लावलेले असतात, कळी लवकर धरू नये म्हणून, बाजारात हव्या त्या वेळी फुलं यावीत म्हणून मुद्दाम रात्र मोडतात. घरी आपल्याला उलटं करायचंय, दिव्यापासून लांब ठेवायची, बाकी ती आपली आपण फुलते. माझी सगळी शेवंती एकाच जुन्या रोपाची आहे, पिवळी, बटणाएवढी, कुठल्याशा मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेसाठी आणलेल्या कुंडीतली. फुलं संपली की बुडापाशी छाटायची, मग बाजूने जे पिल्लू फुटवे येतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी वेगळे लावायचे, आणि पावसाळाभर शेंडे खुडत राहायचं, म्हणजे झाड उंच न होता पसरतं. ऑगस्टनंतर मात्र खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. बाकी शेवंतीला काही लागत नाही. हां, काळा मावा लागतो, बारीक किडे. कोवळ्या शेंड्यांवर काजळी धरल्यासारखा दिसतो. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी फवारायचं. पण आधी जरा वाकून बघा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ते छोटे भुंगे, लेडीबर्ड, असतील तर फवारू नका, ते मावाच खातात आणि कडुनिंबापेक्षा चांगलं काम करतात.

याच लांब रात्रीवाल्या मंडळींमध्ये कलांचो येतो, तो जाड पानांचा, केशरी-गुलाबी बारीक फुलांचे गुच्छ असलेला, तो पण डिसेंबरात नर्सरीवाले विकतात आणि लोक फुलं संपली की टाकून देतात, टाकू नका हो, तो पुढच्या थंडीत परत फुलतो. आणि त्याची आपल्याकडची गरीब चुलतबहीण म्हणजे पानफुटी. पानाच्या कडेला रोपं फुटतात ती. मुतखड्यावर म्हणून कोणीतरी एक पान देतं, ते कुंडीच्या कडेला पडतं आणि मग दहा कुंड्यांमध्ये पानफुटीच पानफुटी. तिला कोणी शोभेचं झाड समजत नाही. पण थंडी सरता सरता तिला जो दांडा येतो आणि त्याला त्या फुगीर, हिरवट-तांबूस घंटा लटकतात, त्या बघाच एकदा. हिचा हिशोब तर आणखी चमत्कारिक आहे, हिला आधी लांब दिवस मिळावे लागतात आणि मग लांब रात्री, त्याच क्रमाने, तरच फुलते. म्हणजे उन्हाळ्यात नर्सरीसारख्या सावलीत न लपवता उघड्यावर ठेवायची आणि थंडीत दिव्याखाली ठेवायची नाही.

आता ऊन.

आमच्या टेरेसच्या अर्ध्या भागावर स्लॅब आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य पुण्यात अगदी डोक्यावर असतो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेलाच, त्यामुळे स्लॅबखाली ऊन शिरतच नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन पार दारापर्यंत येतं, आमचं मांजर बरोबर त्या पट्ट्यात झोपतं आणि पट्टा सरकेल तसं सरकतं. म्हणजे दिवस अकरा तासांचा झाला तरी दक्षिणेकडच्या बाल्कनीला थंडीत उन्हाळ्यापेक्षा जास्त आतपर्यंत ऊन मिळतं. हे एकदा डोक्यात बसलं की बागेची सगळी मांडणी बदलते. कठड्यावरच्या कुंड्या तिथेच राहू द्या पण जी वर्षभर आत सावलीत असतात, क्रोटन, जेड, अॅकालिफा, त्यांना आता काही न करता ऊन मिळायला लागतं आणि त्यांचे रंग चढतात. जेडच्या पानांच्या कडा तांबड्या होतात, थंडी आणि ऊन दोन्ही मिळालं की. कलांचोच्याही. कृष्णतुळस जास्तच काळपट जांभळी होते. ते काही रोग नसतो, उगाच औषधं मारत बसू नका.

आणि उन्हाची दिशा ओळखून कुंडी ठेवायची, हे तर मला फारच आवडतं. लाल माठ घ्या. खायची भाजी, कुंडीत कोणीही पेरेल, एरवी बघताना मळकट मरून रंग. पण तीच कुंडी अशी ठेवा की सकाळी चहा घेताना तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल, मग पानातून ऊन आरपार येतं आणि शिरा न् शिरा दिसतात, काचेचा गुलाबी रंग. बीटची पानं पण तशीच, देठ तर बघतच राहावेत असे. पिटुनियासारखी पातळ पाकळीची फुलं पण अशी उन्हाकडे पाठ करून बघण्यापेक्षा उन्हाकडे तोंड करून बघावीत. माझ्या नवऱ्याला हे सगळं थोतांड वाटतं पण तोही आता खुर्ची त्याच बाजूला ओढून बसतो.

खाली कंपाउंडला देशी बदाम आहे, तो आमच्या कठड्याच्या वर आलाय. डिसेंबर-जानेवारीत त्याची पानं एकेक करून लाल होतात, ताटाएवढी पानं, लाल, तांबूस, मध्ये पिवळी, अजून थोडी हिरवी, आणि पटापट गळतात. आमचे झाडूवाले मामा वैतागतात आणि मी टेरेसवर पडलेली गोळा करते. परदेशातल्या पानगळीचे फोटो टाकणाऱ्यांनी एकदा खाली उभं राहून या बदामाकडे बघावं. पानं नुसती बघून झाली की मी तुकडे करून कंपोस्टच्या ड्रममध्ये घालते, ओल्या कचऱ्याला कोरडं लागतंच. चाफा याच दिवसांत अगदी नागवा होतो, पानं नाहीत फुलं नाहीत, नुसत्या जाड करड्या फांद्या. त्याला लोक फार पाणी घालतात, काही झालं असेल म्हणून. काही झालेलं नसतं, झोपलाय तो, पाणी घालाल तर बुडातून सडेल. मी तो पांढऱ्या भिंतीसमोर सरकवलाय, दुपारनंतर त्याची सावली भिंतीवर पडते आणि सरकत जाते, मला ती त्याच्या फुलांइतकीच आवडते.

पाण्याचं सांगते आता. थंडीत कुंड्या मरतात त्या थंडीने नाही मरत पुण्यात, पाण्याने मरतात. बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी. रात्री पाणी घालून गार मातीत मुळं भिजत ठेवायची नाहीत. तुळस या दिवसांत वाळल्यासारखी होते, मंजिऱ्या खुडाव्यात आणि कडाक्याची थंडी असेल त्या रात्री जुनी ओढणी घालावी, तेवढं पुरतं.

फुलांच्या नादात भाजीचं राहायलाच नको, कारण थंडीत माझ्या मते सर्वात देखणी फुलं भाजीचीच असतात. मसाल्याच्या डब्यातली मोहरी चिमूटभर पेरा, येते उगवून, पिवळी फुलं येतात आणि मधमाश्या हजर. कोथिंबीर काढून काढून कंटाळलात की तशीच सोडा, पांढऱ्या लेसच्या छत्र्या येतात. मुळा तर मुद्दाम फुलावर जाऊ द्यायचा, फिकट जांभळी फुलं येतात आणि मग डिंगऱ्या. डिंगऱ्यांची भाजी आता बाजारात पटकन मिळत नाही, शेंगदाण्याचा कूट घालून केलेली, तिखटसर, करकरीत. वालाची वेल चढवली तर जांभळी फुलं आणि कडेला जांभळी रेघ असलेल्या शेंगा. भोगीच्या भाजीत मूठभर जरी घरचं पडलं, चार वाल, दोन वांगी, एखादं गाजर, तरी सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की भाजी घरची आहे. संक्रांतीची सुगडं पण मी टाकत नाही, तळाला भोक पाडून त्यात कलांचोच्या फांद्या लावते. मातीची असल्याने पाणी साठत नाही. कधी कधी भोक पाडताना फुटतात, मग तुकडे दुसऱ्या कुंडीच्या तळाला.

आमच्या मागच्या बंगल्याच्या गेटवर संक्रांतवेल आहे, जानेवारीत केशरी नळकांडी फुलांनी सगळी कमान झाकून जाते, पान दिसत नाही. मूळची ब्राझीलची म्हणतात पण आपल्याकडे संक्रांतीलाच फुलायला शिकली. टेरेसवर मी ती लावलेली नाही, फार पसरते, पण मला ती आमच्या कठड्यावरून फुकटात दिसते. बागेत काय लावायचं याइतकंच बागेतून काय दिसतं हेही बघावं, बसायची जागा त्या हिशोबाने ठरवावी. आणि तिच्यावर शिंजीर पक्षी येतो. जांभळ्या शिंजिराचा नर थंडीच्या सुरुवातीला ओळखू येत नाही, मादीसारखाच मळका पिवळा, फक्त छातीवरून पोटापर्यंत एक काळी रेघ, कोणी शाई सांडल्यासारखी. आणि जानेवारी-फेब्रुवारीकडे हळूहळू ठिगळं ठिगळं करत पूर्ण चकचकीत जांभळा होतो. म्हणजे फुलांबरोबर हाही रंगत जातो. हिवाळी पाहुण्यांमध्ये थिरथिरा येतो, काळपट पाठ, विटकरी पोट, कठड्यावर बसून शेपूट सारखी थरथरवत असतो, त्याला फुलांशी काही देणंघेणं नाही, त्याला किडे हवेत. म्हणूनही मी फवारण्या कमी केल्या.

आणि कोरांटी. तिला का कोणी विचारत नाही कळत नाही. जुन्या वाड्यांच्या परसात असायची, पांढरी, जांभळी, आणि ती काटेवाली पिवळी. दसरा-दिवाळीपासून फुलायला लागते, फांदी खोचली की जगते, एक दिवस पाणी चुकलं तर रुसत नाही. नर्सरीत विचारलं तर पोरगा म्हणाला मॅडम ते जंगली आहे, आम्ही ठेवत नाही. मी एका ओळखीच्यांच्या गावच्या कुंपणाची फांदी आणली.

तुम्हाला नव्याने सुरू करायचं असेल आणि आत्ता डिसेंबर उजाडला असेल तर बियांपासूनची पिटुनिया-फ्लॉक्स यंदापुरती विसरा, ती पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची असतात, आणि गुलाबही ऑक्टोबरात छाटलेला असेल तरच दीड-दोन महिन्यांनी भरून येतो. आता लावता येईल ते म्हणजे मेथी, लाल माठ, मोहरी, आणि नास्टर्शियम. नास्टर्शियमचं बी वाटाण्याएवढं, लहान मुलांनाही पेरता येतं, गोल कमळासारखी पानं, केशरी फुलं, आणि फूल-पान दोन्ही खाता येतं, तिखट, थोडं हळिवाच्या पानासारखं. खत कमी घाला, जास्त खताने नुसती पानंच येतात. रोपं बघायची असतील, नुसती बघायची असतील, तर प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं ते चुकवू नका, अॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी भरवते, गर्दी प्रचंड असते, सकाळी उघडताच जा. मी दरवर्षी जाते, कटाक्षाने पाकिटात कमी पैसे घेऊन. तरी यूपीआय असतंच.

फेब्रुवारी संपता संपता ऊन पुन्हा कठड्याकडे सरकायला लागतं, मांजराचा पट्टा अरुंद होतो, नास्टर्शियम पिवळं पडून बिया टाकतं. बिया हिरव्या असतानाच गळतात, त्या गोळा करून सावलीत कागदावर वाळवायच्या, प्लास्टिकच्या डबीत घालायच्या नाहीत, बुरशी येते. शेजारच्या काकूंनी यंदाच्या बिया आत्तापासून मागून ठेवल्यात, आणि खोकंही. त्यांच्या खिडकीसमोर पण त्याच खांबाचा उजेड येतो, आणि त्यांनी आता पॉइन्सेटिया आणलाय.